विश्लेषण : चाळिशीतच स्मृतिभ्रंश का होतो? मेंदूत प्रथिने साठण्याची सुरुवात किती वर्षे आधी होते?

स्मृतिभ्रंश म्हटले की सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा डोळ्यांसमोर येतात. मात्र काही जणांना हा आजार ऐन चाळिशी-पन्नाशीत गाठतो. मुले शाळेत असतात, घराचे हप्ते सुरू असतात आणि कमावत्या माणसाला रोजचे हिशेब जमेनासे होतात. अशा रुग्णांच्या मेंदूत विशिष्ट प्रथिने साठतात, हे शंभरहून अधिक वर्षांपासून ठाऊक आहे. पण हा साठा पहिला विसराळूपणा दिसण्याच्या दीड-दोन दशके आधीच सुरू होतो, हे अलीकडच्या काळात स्पष्ट झाले. हे कसे कळले, त्यातून उपचारांची दिशा कशी बदलली आणि अजून काय हाती लागलेले नाही, याचा आढावा.

अकाली स्मृतिभ्रंश म्हणजे काय?

वयाच्या ६५ वर्षांपूर्वी लक्षणे सुरू झाली तर त्याला अकाली स्मृतिभ्रंश म्हटले जाते. हा एक आजार नाही. अल्झायमर, फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे विकार अशा अनेक कारणांनी तो होतो. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यानुसार ३० ते ६४ या वयोगटात लाखामागे सुमारे ११९ जणांना, म्हणजे जगभरात अंदाजे ३९ लाख लोकांना हा त्रास आहे.

तरुण वयात लक्षणेही वेगळी असू शकतात. अनेकदा विसरण्याआधी शब्द सापडेनासे होतात, गाडी लावताना अंतराचा अंदाज चुकतो, स्वभाव बदलतो किंवा नेहमीच्या कामात विचित्र चुका होऊ लागतात. या वयात स्मृतिभ्रंश असेल असे कुणाच्या मनातही येत नाही. त्यामुळे कामाचा ताण, नैराश्य, रजोनिवृत्ती, नवरा-बायकोतील कुरबुरी अशी कारणे शोधण्यात वर्षे जातात.

पहिला रुग्णच पन्नाशीतला…

अल्झायमर हा आज म्हातारपणाचा आजार म्हणून ओळखला जातो, पण त्याची पहिली नोंद झालेली रुग्ण अवघी ५१ वर्षांची होती. ऑगस्ट डेटर ही महिला १९०१मध्ये जर्मनीतील फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात दाखल झाली, तेव्हा डॉ. अलोइस अल्झायमर यांनी तिला तपासले. १९०६मध्ये तिचा मृत्यू झाल्यावर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यांना दोन गोष्टी दिसल्या. पेशींच्या बाहेर साचलेले डाग आणि पेशींच्या आत गुंतलेले धागे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युबिंगेन येथील परिषदेत त्यांनी हे निष्कर्ष मांडले.

पुढची अनेक दशके ‘अल्झायमर’ हे नाव कमी वयात होणाऱ्या आजारापुरतेच वापरले जात होते. उतारवयातील विसराळूपणा हा वयाचाच भाग मानला जाई. दोन्हींच्या मेंदूत तेच डाग आणि तेच धागे असतात, हे लक्षात आल्यावर १९७०च्या दशकापासून दोन्ही एकाच नावाखाली आले. डाग अमायलॉइड-बीटा या प्रथिनाचे आणि धागे टाऊ या प्रथिनाचे, हे १९८०च्या दशकात निश्चित झाले.

प्रथिने साठतात म्हणजे नेमके काय होते?

आपल्या चेतापेशींच्या आवरणात ‘एपीपी’ नावाचे एक लांब प्रथिन असते. पेशीतील विकरे त्याचे तुकडे करतात. हे रोजचेच काम आहे. त्यातून अमायलॉइड-बीटाचा छोटा तुकडा सुटतो आणि निरोगी मेंदू तो वाहून नेतो किंवा नष्ट करतो. कापणी चुकीच्या जागी झाली की हा तुकडा थोडा लांब, ४२ अमिनो आम्लांचा होतो. तो अधिक चिकट असतो. असे तुकडे एकमेकांना चिकटून आधी लहान पुंजके आणि मग डाग तयार होतात.

टाऊचे काम वेगळे. चेतापेशीच्या लांब तंतूंमधून पोषक द्रव्यांची ने-आण करणाऱ्या सूक्ष्म नलिका असतात आणि टाऊ त्यांना आधार देते. आजारात टाऊवर फॉस्फेटचे रेणू प्रमाणाबाहेर चढतात, ते नलिकांपासून सुटते आणि पेशीच्या आत त्याचा गुंता होतो. हा गुंता एका भागातून दुसऱ्या भागात पसरत जातो. महत्त्वाची बाब अशी, की रुग्णाची स्मरणशक्ती किती ढासळली याचा संबंध अमायलॉइडच्या डागांपेक्षा टाऊच्या गुंत्याशी अधिक जुळतो. सर्वसाधारणपणे अमायलॉइड आधी साठते, टाऊ त्यानंतर पसरते आणि लक्षणे सर्वांत शेवटी दिसतात.

जनुकातील दोष कसा सापडला?

१९८०च्या दशकात इंग्लंडमधील कॅरोल जेनिंग्ज या शिक्षिकेने संशोधकांना एक पत्र पाठवले. त्यांचे वडील आणि वडिलांची अनेक भावंडे पन्नाशीतच अल्झायमरने ग्रासली होती. त्यांच्या कुटुंबाच्या रक्तनमुन्यांवरून लंडनमधील जॉन हार्डी आणि अ‍ॅलिसन गोट यांच्या गटाने १९९१मध्ये एपीपी जनुकातील उत्परिवर्तन शोधले. अल्झायमरला थेट कारण ठरणारा हा पहिला जनुकीय दोष. हे जनुक २१व्या गुणसूत्रावर आहे. डाऊन सिंड्रोममध्ये या गुणसूत्राच्या तीन प्रती असतात आणि अशा जवळपास सर्व व्यक्तींच्या मेंदूत चाळिशीपर्यंत अमायलॉइडचे डाग आढळतात. त्याचा उलगडाही यातून झाला.

१९९५मध्ये प्रेसेनिलिन-१ आणि प्रेसेनिलिन-२ ही आणखी दोन जनुके सापडली. एपीपीची कापणी करणाऱ्या विकराचे पाते म्हणजेच प्रेसेनिलिन. पाते बिघडले की चिकट तुकड्यांचे प्रमाण वाढते. या तीन जनुकांपैकी एकाची सदोष प्रत आई किंवा वडील यांपैकी कुणा एकाकडून आली तरी आजार जवळपास अटळ असतो. प्रत्येक अपत्याला ती मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. मात्र असा आनुवंशिक अल्झायमर विरळा आहे. एकूण अल्झायमर रुग्णांत त्याचे प्रमाण १ टक्क्याहून कमी आहे. म्हणजेच कमी वयात अल्झायमर झालेल्या बहुतेकांतही हा दोष नसतो.

कोलंबियातील कुटुंबे महत्त्वाची का?

दक्षिण अमेरिकेतील कोलंबियाच्या अँटिओक्विया प्रांतात, मेडेलिन शहर आणि आसपासच्या डोंगराळ गावांत प्रेसेनिलिन-१चा एकच दोष असलेला जगातील सर्वांत मोठा नातेसमूह राहतो. या विस्तारित कुटुंबात सुमारे ६ हजार जण असून त्यांपैकी सुमारे १,२०० जणांत हा दोष असल्याचा अंदाज आहे. साधारण ४४व्या वर्षी स्मरणशक्ती ढळू लागते, ४९व्या वर्षी स्मृतिभ्रंश होतो आणि साठीच्या आसपास मृत्यू येतो. गावात या आजाराला ‘ला बोबेरा’, म्हणजे वेडगळपणा, असे नाव होते. शापित झाडाला हात लावल्याने तो होतो, अशीही समजूत होती. आपल्याकडे बाहेरच्या बाधेचा संशय घेतला जातो, तसाच हा प्रकार.

मेडेलिनच्या अँटिओक्विया विद्यापीठातील मेंदूविकारतज्ज्ञ फ्रान्सिस्को लोपेरा यांनी १९८०च्या दशकात या रुग्णांची नोंद सुरू केली. त्या काळात कोलंबियात बंडखोर, निमलष्करी टोळ्या आणि अमली पदार्थांचे तस्कर यांचा हिंसाचार सुरू होता. तरीही लोपेरा आणि त्यांचे सहकारी गावोगावी फिरले, चर्चमधील जन्म-मृत्यूच्या नोंदी तपासल्या आणि पिढ्यांचा वंशवृक्ष तयार केला. कुटुंबांनी मृत नातेवाईकांचे मेंदू संशोधनासाठी दिले. लोपेरा यांचे सप्टेंबर २०२४मध्ये निधन झाले.

या कुटुंबांचे शास्त्रीय महत्त्व एका गोष्टीत आहे. उतारवयातील अल्झायमर कुणाला आणि कधी होईल, हे आधी सांगता येत नाही. इथे मात्र आजार कुणाला होणार आणि साधारण कोणत्या वयात, हे जनुकावरून कळते. त्यामुळे लक्षणे येण्याच्या कितीतरी आधी मेंदूत काय घडते, हे पाहण्याची संधी मिळाली.

साठा नेमका केव्हा सुरू होतो?

२०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कोलंबियातील सदस्यांच्या मेंदूचे अमायलॉइड दाखवणारे पेट स्कॅन करण्यात आले. दोष असलेल्या व्यक्तींत अमायलॉइडचा साठा सरासरी २८व्या वर्षी सुरू होत असल्याचे दिसले. म्हणजे स्मरणशक्तीच्या पहिल्या तक्रारीच्या सुमारे १६ वर्षे आणि स्मृतिभ्रंशाच्या सुमारे २१ वर्षे आधी.

त्याच वर्षी अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या (सेंट लुइस) नेतृत्वाखालील ‘डायन’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचे निष्कर्ष आले. त्यात विविध देशांतील अशी कुटुंबे आहेत. मेंदूभोवतीच्या द्रवातील अमायलॉइडची पातळी अपेक्षित लक्षणांच्या सुमारे २५ वर्षे आधीच घसरू लागते, कारण ते मेंदूत अडकू लागते. स्कॅनवर डाग दिसणे आणि द्रवात टाऊ वाढणे हे बदल सुमारे १५ वर्षे आधी होतात. थोडक्यात, चाळिशीत डॉक्टरांकडे पोहोचलेल्या अशा रुग्णाचा आजार पंचविशी-तिशीतच सुरू झालेला असतो.

मग साठा काढून टाकला तर?

अमायलॉइडला चिकटून ते साफ करणारी प्रतिपिंडे हा उपचार याच तर्कावर उभा आहे. अमेरिकेत २०२३मध्ये लेकानेमॅबला पूर्ण मान्यता मिळाली, तर २०२४मध्ये डोनानेमॅबला. लेकानेमॅबच्या सुमारे १,८०० रुग्णांवरील चाचणीत दीड वर्षात आजार वाढण्याचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी कमी झाला. साठा बराच उतरला, पण गेलेली स्मृती परत आली नाही. मेंदूला सूज येणे आणि सूक्ष्म रक्तस्राव होणे हे या औषधांचे धोके आहेत. त्यामुळे वारंवार एमआरआय करावे लागतात.

औषध लक्षणांच्या आधीच दिले तर? कोलंबियातील कुटुंबांवर २०१३मध्ये क्रेनेझुमॅब या प्रतिपिंडाची चाचणी सुरू झाली. त्यात २५२ जण होते आणि त्यांपैकी १६९ जणांत दोष होता. उरलेल्यांना घेण्यामागे माणुसकीचा विचार होता. फक्त दोष असलेल्यांना बोलावले असते तर चाचणीसाठी निवड होणे म्हणजेच भविष्य कळणे ठरले असते. म्हणून दोष नसलेल्यांनाही औषधाचा अंश नसलेली इंजेक्शने देण्यात आली. अनेक वर्षांच्या उपचारांनंतर जून २०२२मध्ये निकाल आला. औषधाचा लक्षणीय फायदा दिसला नाही. वर्षानुवर्षे इंजेक्शने घेणाऱ्या कुटुंबांसाठी तो मोठा धक्का होता.

‘डायन’च्या गँटेनेरुमॅब या दुसऱ्या प्रतिपिंडाच्या चाचणीतही २०२०मध्ये स्मरणशक्तीबाबत अपेक्षित परिणाम दिसला नव्हता. मात्र सहभागींना पुढे अधिक मात्रेत औषध देणे सुरू राहिले. मार्च २०२५मध्ये त्याचे निष्कर्ष आले. सुरुवातीस लक्षणे नसलेल्या आणि सर्वाधिक काळ, सरासरी आठ वर्षे, औषध घेतलेल्या २२ जणांच्या गटात लक्षणे सुरू होण्याची जोखीम जवळपास निम्म्याने घटली. लवकर आणि दीर्घकाळ अमायलॉइड हटवले तर आजार लांबवता येऊ शकतो, याचा हा पहिला संकेत मानला जातो. पण गट फार लहान आहे आणि तुलना आजाराच्या आधीच्या नोंदींशी केली आहे. त्यामुळे याला सिद्ध उपचार म्हणता येणार नाही.

तीस वर्षे आजार टळलेली महिला…

अमायलॉइड हेच सर्व काही नाही, याचा सर्वांत ठळक पुरावाही कोलंबियातच मिळाला. तिथल्या एका महिलेत प्रेसेनिलिन-१चा तोच दोष होता. मात्र इतरांना चाळिशीत दिसणारी लक्षणे तिला सत्तरी गाठेपर्यंत दिसली नाहीत. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत तिच्या मेंदूत अमायलॉइडचा प्रचंड साठा आढळला, पण टाऊचा प्रसार मर्यादित होता. तिच्यात एपीओई या जनुकाचा ‘क्राइस्टचर्च’ हा दुर्मीळ प्रकार दोन्ही प्रतींत होता. न्यूझीलंडमधील त्या शहरात तो प्रथम आढळल्याने हे नाव पडले. या बदलामुळे एपीओई प्रथिन पेशींच्या पृष्ठभागावरील काही रेणूंना नीट चिकटत नाही आणि त्यामुळेच टाऊचा प्रसार रोखला जात असावा, असा संशोधकांचा कयास आहे.

२०२३मध्ये याच नातेसमूहातील एका पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली. ६७व्या वर्षापर्यंत त्याची बुद्धी शाबूत होती. त्याच्यात रीलिन या वेगळ्याच जनुकात बदल होता आणि स्मृतीशी निगडित महत्त्वाच्या भागात टाऊ फारच कमी होते. २०२४मध्ये क्राइस्टचर्च प्रकाराची एकच प्रत असलेल्या २७ जणांचा अभ्यास आला. त्यांच्यात लक्षणे सरासरी ५२व्या वर्षी सुरू झाली, तर ती प्रत नसलेल्यांत ४७व्या वर्षी. पाच वर्षांचा हा फरक घरातल्यांसाठी मोठा असतो. तेवढ्या काळात एखादे मूल शाळेतून महाविद्यालयात जाते. या प्रकाराची नक्कल करणाऱ्या प्रतिपिंडांचे प्रयोग उंदरांवर झाले आहेत.

प्रत्येक रुग्णात हीच प्रथिने असतात का?

नाही. हॉलीवूड अभिनेते ब्रूस विलिस यांना फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया झाल्याचे त्यांच्या कुटुंबाने फेब्रुवारी २०२३मध्ये जाहीर केले. ६५ वर्षांखालील स्मृतिभ्रंशाचे हे एक प्रमुख कारण आहे. त्यात मेंदूचा पुढचा आणि कानशिलाकडचा भाग आक्रसतो. त्यामुळे स्मृतीआधी भाषा किंवा वागणूक बिघडते. यात अमायलॉइड हे मूळ कारण नसते. ढोबळमानाने निम्म्या रुग्णांत २००६मध्ये ओळख पटलेले टीडीपी-४३ हे प्रथिन साठते, तर उरलेल्यांपैकी बहुतेकांत टाऊ. म्हणून अमायलॉइड साफ करणारी औषधे या रुग्णांना उपयोगाची नाहीत. कोणते प्रथिन साठले आहे हे जिवंतपणी ओळखणे, हे संशोधनातील मोठे आव्हान आहे.

अल्झायमरबाबत मात्र इथे प्रगती झाली आहे. पूर्वी खात्रीसाठी पेट स्कॅन किंवा पाठीच्या कण्यातून द्रव काढणे हाच मार्ग होता. आता पी-टाऊ २१७ या प्रथिनावर आधारित रक्तचाचण्या आल्या आहेत. अमेरिकी नियामकांनी मे २०२५मध्ये अशा पहिल्या चाचणीला मंजुरी दिली. ती लक्षणे असलेल्या रुग्णांसाठी आहे. निरोगी व्यक्तीने उत्सुकतेपोटी करून घेण्यासाठी नाही.

आपल्याकडे परिस्थिती काय?

२०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात ६० वर्षांवरील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. ही गणना साठीच्या पुढची असल्याने चाळिशी-पन्नाशीतील रुग्ण तिच्यात येतच नाहीत. बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मेंदू संशोधन केंद्र कर्नाटकातील श्रीनिवासपुरा येथे ४५ वर्षांवरील ग्रामीण नागरिकांचा दीर्घकालीन अभ्यास करत आहे. त्यातून मध्यम वयातील बदलांचे भारतीय चित्र मिळू शकेल.

कमी वयात विसराळूपणा जाणवला तर लगेच अल्झायमरची भीती बाळगण्याचे कारण नाही. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य, अपुरी झोप, काही औषधे आणि मद्यपान यांनीही स्मरणशक्ती ढासळते आणि त्यांवर उपचार आहेत. शाकाहारी घरांत ब-१२ची कमतरता नेहमीची असल्याने ही साधी तपासणी आधी व्हायला हवी. मात्र सहा महिने-वर्षभर त्रास वाढतच असेल, कामात चुका होत असतील किंवा स्वभाव पार बदलला असेल तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवणे गरजेचे आहे.

जनुकीय चाचणी करावी का?

घरात एकापेक्षा अधिक पिढ्यांत साठीच्या आत स्मृतिभ्रंश झाला असेल, तरच हा प्रश्न येतो. एकदा उत्तर कळले की ते पुसता येत नाही. नोकरी, विमा, लग्न, मूल होऊ देणे अशा सगळ्या निर्णयांवर त्याची सावली पडते. एका भावंडाचा अहवाल इतरांबद्दलही काही सांगून जातो. म्हणूनच आधी समुपदेशन आणि मगच चाचणी, असा जगभरचा दंडक आहे. ज्यांच्या पत्रामुळे पहिला दोष सापडला, त्या कॅरोल जेनिंग्ज यांनी स्वतःची चाचणी करून घेतली नाही. त्यांना २०१२मध्ये, ५८व्या वर्षी अल्झायमरचे निदान झाले आणि २०२४मध्ये त्यांचे निधन झाले.

पुढे काय?

आता प्रयोग दोन दिशांनी सुरू आहेत. पहिली दिशा म्हणजे अमायलॉइड आणि टाऊ या दोहोंवर एकाच वेळी मारा करणे. ‘डायन’च्या एका चाचणीत लेकानेमॅबला टाऊविरोधी प्रतिपिंडाची जोड दिली जात आहे. दुसरी दिशा म्हणजे अधिक लवकर सुरुवात करणे. याच प्रकल्पाच्या प्रतिबंधात्मक चाचणीत अवघ्या १८ वर्षांपासूनच्या व्यक्तींना सहभागी होता येते. अपेक्षित लक्षणांना ११ ते २५ वर्षे अवकाश असताना, मेंदूत साठा नसताना किंवा नुकता सुरू होत असताना तो रोखता येतो का, हे त्यातून पाहिले जाणार आहे.

हा प्रयोग यशस्वी ठरला तर त्याचा लाभ दुर्मीळ जनुकीय दोष असलेल्या कुटुंबांपुरता राहणार नाही. उतारवयातील अल्झायमरमध्येही साठा लक्षणांच्या कितीतरी आधी सुरू होतो. रक्तदाब किंवा मधुमेहाप्रमाणे मध्यम वयातच तपासणी आणि वेळीच उपचार हा मार्ग त्यातून खुला होऊ शकतो. मात्र तेव्हा आणखी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेल. ज्या कुटुंबांनी आपले रक्त, उमेदीची वर्षे आणि आप्तांचे मेंदू संशोधनाला दिले, त्यांच्या गावापर्यंत हे महागडे औषध पोहोचणार का?